दहातली किती वर्षं

आरोग्याची पाहणी करणाऱ्या ताईंनी आज ओसरीवर बसून मला विचारलं, "काकू, दुखऱ्या गुडघ्यानं दहा वर्षं जगायचं, की त्यातली काही वर्षं सोडून उरलेली चांगल्या गुडघ्यानं? किती सोडाल?"

हे लगेच म्हणाले, "अगं, रोज कण्हतेस, दोन तरी देऊन टाक!"

मी लाजत हळूच म्हटलं, "एकही नाही."

ताईंनी कागदावर शून्य लिहिलं. हाच प्रश्न परदेशातल्या बायकांनाही विचारतात म्हणे. त्याही अशाच लाजल्या असतील का? माझं शून्य बघून कुणाला वाटेल, हिला काही दुखतच नाही. दुखतं, पायरी उतरताना फार दुखतं. पण हल्ली संध्याकाळी हे चहा करतात आणि साखर विसरतात. तसली एक संध्याकाळसुद्धा मला सोडवत नाही.