जेलच्या थांब्यावर उतरणारी सुमन

सुमनबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. तिचं चांगलं लिहायला घेतलं की माझं वाईट आधी पुढे येतं. आता सत्तरी उलटली, लिहून टाकतो.

सुमन माझ्या धाकट्या भावाची, प्रकाशची बायको. परगावच्या शेतात बांधावरून झालेल्या मारामारीत प्रकाशचं नाव आलं आणि खटला उभा राहण्याआधीच तो यवतमाळच्या तुरुंगात जाऊन पडला. दर आठवड्याला आर्णीहून एसटीनं ती त्याच्या भेटीला जायची. कंडक्टरला मोठ्यानं सांगायची, "जेलजवळ उतरवून देजा." एकदा तो म्हणाला, "बाई, हळू बोला." तर ही म्हणते, "काहून? तुमचा कोणी आहे का तिथं?" अख्खी गाडी हसली. मागच्या सीटवर बसलेला मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

भेटीत ती रडायची नाही. शेळीला किती पिल्लं झाली, कोणाच्या लग्नात भात कच्चा राहिला, असलंच सांगायची. "आतल्या माणसाले रडून दाखवलं का तो जेवत नाही, भाऊजी." फाटकाशी नव्यानं आलेल्या बायकांना बाजूला घेऊन सांगायची, "पैसे नाही म्हणून वकील नाही, असं नसते माय. अर्ज कर, सरकार फुकट वकील देते. अन् मान वर ठेव. आरोप आहे, शिक्षा नाही झाली."

प्रकाशलाही तसाच वकील मिळाला. त्यानं जामिनाचा अर्ज केला, पण तो फेटाळला गेला. आरोपी गावात राहत नाही, सुटला तर सापडणार नाही, असा पोलिसांचा अहवाल होता. चौकशीला आलेल्या शिपायाला चहाच्या टपरीवर लोकांनी भाबडेपणानं सांगितलं होतं, "प्रकाश? तो तर वणीले असते, कोळशाच्या खाणीत."

ती थाप माझी होती. मी शाळेत मास्तर. भाऊ तुरुंगात आहे म्हणायची लाज वाटली, म्हणून गावभर मीच ते पसरवलं होतं.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर सुमन उभी राहिली. "माहा नवरा वणीले नाही, जेलात आहे. तो याच गावचा आहे हे कोर्टात सांगाले कोण कोण येते?" मग आमच्या गल्लीतली म्हातारी जनाबाई म्हणाली, "मी येतो. पण गाडीत मले समोर बसवजो, मले मळमळते." मग हात वर होत गेले. वकिलानं पुन्हा अर्ज केला, एक टेम्पो भरून गाव यवतमाळला गेलं आणि प्रकाश जामिनावर सुटला. पुढे निर्दोषही ठरला. दोघांनी उरलेला संसार मजेत केला. संध्याकाळी ओट्यावर दोघांची भांडणं आणि हसणं आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं.

वणीचं कोणी काढलं, हे तिनं कधीच विचारलं नाही. तिला ठाऊक असावं.

गेल्या हिवाळ्यात ती यवतमाळला दवाखान्यात होती. मी मनाशी ठरवूनच गेलो. खाटेशी बसलो, म्हटलं, "सुमन, तुले एक सांगाचं होतं." खोकला थांबवत ती म्हणाली, "पुढच्या टायमाले सांगजा, भाऊजी. तुमची गाडी चुकन." मी लगेच उठलो.

त्याच आठवड्यात ती गेली. मी तिला भेटून निघालो त्या दिवशी गाडी उशिरा होती. स्टँडवर मी कितीतरी वेळ बसून होतो, दवाखाना समोरच्या रस्त्यावर होता, आणि मी परत गेलो नाही.