बाबांची पाटीलकी

आमच्या घराण्यात कुणीही कधी पाटील नव्हतं. तरीही मीरा रोडला आमच्या बिल्डिंगखाली पाण्याचा टँकर आला, की बाबा पाटीलकी करायचे.

कचेरीत ते शिपाई. दिवसभर दुसऱ्यांच्या घंटीवर उठायचे. घरी आले की रांगेला हुकूम सोडायचे, "ए, तो ड्रम मागे घे. आजी, तुम्ही पुढे या." सगळ्यांचं भरून होईपर्यंत टँकर संपायचा. "आले पाटील, रिकामा हंडा घेऊन," आई म्हणायची.

मला लाज वाटायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. (त्यामुळे इतरांचं अज्ञान दूर करणं माझ्याकडे आलं होतं.) मी त्यांना समजावलं, "बाबा, खऱ्या पाटलाला गावात मान असायचा. कुणी न नेमता जो हुकूम सोडतो, त्याला लोक हसून म्हणतात, पाटीलकी करतोय. तुम्हाला कुणी नेमलंय का?"

बाबांनी नीट ऐकून घेतलं. "बरं. आता ती कळशी पुढे सरकव."

त्याच वर्षी बाबा अचानक गेले.

दहाव्याला जवळच्या राई गावात खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तो शिवेपर्यंत आई पाणीही घेणार नव्हती. ऊन चढत होतं. बाबांची काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून सगळे पिंडाभोवती गोळा झाले. काका वाकून म्हणाले, "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." कावळा झाडावरून नुसता बघत राहिला.

मी हात जोडून पुटपुटलो, "बाबा, मी बी.ए. होईन."

"मोठ्याने बोल. कावळ्याला ऐकू गेलं पाहिजे," काका म्हणाले.

मी मोठ्याने बी.ए. झालो. कावळा लांबच्या झाडावर गेला.

"एम.ए. बोलून बघ," मागून कुणीतरी सुचवलं.

मी एम.ए.सुद्धा झालो. शेजारचे जयंतीभाई आणखी पुढे सरकले. "पाटील, क्या रह गया? बोलो ना," म्हणाले आणि रडायलाच लागले. कावळा दिसेनासा झाला.

आई दगडावर बसली होती, ओठ सुकलेले. "कशात अडकलाय रे त्यांचा जीव?" तिने मला विचारलं.

मी पिंडाकडे बघितलं. माणसांमुळे तो दिसतच नव्हता. तेव्हा आठवलं, दुसऱ्यांच्या दहाव्याला बाबा कुणी न सांगता सगळ्यांना मागे रेटायचे. "कावळ्याला भूक असते, तसा जीवही असतो," म्हणायचे. आज रेटणारं कुणी नव्हतं.

कॉलेजात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. "मागे व्हा," मी म्हणालो. कुणी हललं नाही. मग ओरडलोच, "मागे व्हा सगळे! काका, तुम्हीपण. जयंतीभाई, पीछे!"

सगळे वीस पावलं मागे सरले. थोड्याच वेळात कावळा आला.

आईने पाणी घेतलं. "काय कबूल केलंस रे?"

"काही नाही. पाटीलकी केली."

ती हसली, आणि मग खूप वेळ रडली.

पुढच्या आठवड्यात खाली टँकरवर भांडण ऐकू आलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी धावत उतरलो, रांग लावली, आजींना पुढे घेतलं. टँकर संपल्यावर वर आलो, तर आई दारात उभी.

"आले पाटील," ती म्हणाली. "तुझे बाबा निदान हंडा तरी घेऊन जायचे."