गरुड आला तरी उतरेना

सेम्मणपट्टूच्या द्रौपदीअम्मनच्या जत्रेत अर्जुनाने तपाला कधी चढायचं हे पंचांग बघून ठरतं. कोणी चढायचं, हे मात्र गेल्या चौतीस वर्षांत कोणी कोणाला विचारलं नव्हतं. पोन्नुरंगम चढायचा. पावसात चढला, तापात चढला, एका वर्षी थोरल्या लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशीही चढला आणि तसाच भस्म फासलेल्या तोंडाने व्याह्यांच्या पंगतीत जाऊन बसला. विहीण बिचारी भिक्षेकरी समजून त्याला मूठभर तांदूळ द्यायला निघाली होती.

तसं आहे काय, की देवळापुढच्या माळावर साठ फुटी ताडाचा सोट उभा करतात. त्याला आडवे दांडके ठोकतात आणि शेंड्याला एक फळी बांधतात. अर्जुन एकेका दांडक्यावर एकेक पद म्हणत वर जातो, फळीवर बसून शिवाची आळवणी करतो, आणि गरुड येऊन आकाशात घिरटी घालून गेला की देवाने ऐकलं असं समजायचं. मग तशीच पदं म्हणत, ओटीतली लिंबं, फुलं, भस्म उधळत त्याने खाली यायचं. गरुड म्हणजे ती तांबूस घार, डोकं आणि छाती पांढरी असते ती. काळपट घार चालत नाही. मूल हवं असलेल्या बायका सोटाभोवती ओलेत्याने पालथ्या पडलेल्या असतात, आणि वरून आलेलं लिंबू पदरात पडलं की त्यांचं काम झालं म्हणून समजा.

पोन्नुरंगम बारा वर्षांचा असताना नाटकमंडळीत आला तो बायकांची सोंगं करायला. मिशी फुटल्यावर पडेल ते काम केलं, सत्ताविसाव्या वर्षी अर्जुन झाला आणि मग आयुष्यभर अर्जुनच राहिला. गाव त्याला वाद्यार म्हणायचं, म्हणजे गुरुजी. रेशनच्या दुकानात साखर कमी तोलली तर तो दुकानदाराला युद्धाचं आव्हान द्यायचा. म्हशीला पाणी पाजताना पद्यात बोलायचा. त्याची बायको कन्नियम्मा शेजारणीला सांगायची, "माझ्या वाट्याला नवरा म्हणून अर्धाच आला बाई, अर्धा अर्जुन आहे. काम करायच्या वेळी तो अर्धा, जेवायला मात्र दोघे बसतात."

आणि त्या जेवणानेच घात केला. एकसष्टाव्या वर्षी पोन्नुरंगमचं पोट एवढं सुटलं होतं, की तपस्वी अर्जुनाने तप नेमकं कुठे केलं असा प्रश्न पडावा. मनगटाला हळदीचं कंकण बांधलं की दहा दिवस दूध-फळांवर राहायचं असतं. राहायचा तो. पण चहाच्या टपरीवरचे बोंडे बटाट्याचे असतात आणि बटाटा काही धान्य नव्हे, असं त्याचं स्वतःपुरतं शास्त्र होतं.

गेल्या वर्षी उतरताना त्याचा पाय एका दांडक्यावरून सटकला. पडला नाही, पण खालच्या बायका किंचाळल्या आणि देवळाचा कारभार बघणारे धर्मकर्ते सडैयप्प गौंडर सोटाखाली धावत गेले. म्हणून या वर्षी अर्जुनाच्या कामाचा विडा देतानाच ते म्हणाले, "वाद्यार, उगाच राग मानू नका. वर तुम्ही जाल हो, ते मी जाणतो. पण या वर्षी आपल्या पायांनी धड खाली आलात, तर मरेपर्यंत अर्जुन तुमचा. नाही आलात, तर पुढच्या वर्षीपासून एळुमलै."

एळुमलै म्हणजे पोन्नुरंगमच्या बहिणीचा मुलगा, आणि मामाची धाकटी मुलगी केल्यामुळे जावईही. पस्तिशीचा, सडपातळ, नारळाच्या झाडावर सरसर चढणारा. तप संपल्यावर शिव शिकाऱ्याच्या वेषात येतो, ते काम तो बारा वर्षं करत होता. म्हणजे बारा वर्षं सोटाखाली उभं राहून वर बघत होता. पोन्नुरंगमनेच त्याला पहिलं पद शिकवलं, आणि त्यालाच सर्वांत जास्त शिव्या घातल्या.

"एळुमलै अर्जुन करणार!" घरी येऊन पोन्नुरंगम गरजला. "त्याचा आवाज बघ! पाण्याची मोटर बंद पडताना असा आवाज येतो."

"तुमचाच चेला आहे," कन्नियम्मा म्हणाली. "आणि गुडघ्याचं काय? वंदवासीच्या डॉक्टरांनी जिना चढू-उतरू नका म्हणून सांगितलंय."

"जिना म्हणाला ना? मग? तो ताड आहे."

जत्रेच्या आठ दिवस आधी कोणी घरात नाही असं बघून तो सरावाला माळ्यावर चढला. चढला झकास. उतरायला पाय खाली सोडला आणि उजवा गुडघा जो अडकला तो अडकलाच. वाकेना, सरळ होईना. कन्नियम्मा बाजारातून आली तेव्हा माळ्यावरून मिरच्यांच्या पोत्याआडून शिवस्तुती ऐकू येत होती. तिने शिडीवरून वर बघितलं, हे असे बसलेले. तिने निमूट ताकाचा तांब्या वर दिला आणि एळुमलैला बोलावून आणलं. त्याने मामाला खाली घेतलं आणि अवाक्षर काढलं नाही. पोन्नुरंगमला तेच झोंबलं. हसला असता तरी चाललं असतं.

"चढायला येतं, उतरायला येत नाही, एवढंच ना?" कन्नियम्मा म्हणाली. "मग गौंडरांना सांगून टाका."

"सांगितलं तर मी कोण उरलो?" तो म्हणाला, आणि हे मात्र पद्यात नव्हतं. कन्नियम्माने गुडघ्याला निरगुडीचा शेक दिला.

जत्रेचा दिवस उजाडला. वैकासी महिना म्हणजे ऐन उन्हाळा, ऊन असं, की माळावर अनवाणी उभं राहिलं तर आपोआप नाच व्हावा. सकाळी दहाला पोन्नुरंगमने सोटाला नमस्कार केला आणि पहिलं पद लावलं. काय तो आवाज! मंडळीचा विदूषक मुत्तुवेल शेजारी उभा राहून लोकांना म्हणाला, "माइक बंद करा रे, माइकला लाज वाटतेय." एकेक पद, एकेक दांडका. साडेअकराला तो फळीवर टेकला आणि खाली दोन हजार माणसांनी हात जोडले.

मांडी घालायला गेला आणि उजवा गुडघा अडकला.

पोन्नुरंगमने खाली बघितलं. खाली कन्नियम्मा, गौंडर, सगळं गाव. आता उतरता आलं नाही तर अग्निशमनवाले येणार, दोरखंड बांधून पोत्यासारखा खाली सोडणार, आणि चौतीस वर्षांचा अर्जुन त्या दोरखंडाला लटकून संपणार. त्याला रडू येईल असं वाटलं. पण खालून बघणाऱ्याला फक्त एक पाय पुढे पसरून बसलेला तपस्वी दिसत होता. आणि एकाएकी त्याच्या ध्यानात आलं: गरुड येईपर्यंत उतरायचंच नसतं! गरुड न येवो म्हणजे झालं.

असं आजवर कोणत्याही अर्जुनाने मागितलं नसेल. खाली दोन हजार माणसं गरुडा ये, गरुडा ये म्हणत होती आणि वर हा पठ्ठ्या ओठ न हलवता म्हणत होता, आई द्रौपदे, त्याला आज दुसऱ्या गावाला धाड.

एक वाजता गरुड आला. चांगला खाली, डोक्यावरून गेला.

"गरुड! गरुड!" गर्दी उसळली. ढोलकी सुटली, बायकांनी पदर पसरले.

वरून आवाज आला, "घार आहे ती!"

मुत्तुवेलने कपाळावर हात धरून वर बघितलं. "वाद्यार, डोकं पांढरं होतं की!"

"म्हातारी घार आहे! पिकलंय डोकं!"

दोनला दुसरा आला. पोन्नुरंगमने डोळे मिटून घेतले, म्हणाला तपात होतो, दिसला नाही. अडीचला तिसरा आला, त्याने सोटाला तीन घिरट्या घातल्या. पोस्टमास्तरने फोनवर त्याचा फोटो काढून मोठा करून गौंडरांना दाखवला. पांढरं डोकं, पांढरी छाती, काडीचीही शंका नाही.

"वाद्यार!" गौंडर ओरडले. "फोटो आहे इथे!"

"फोटोवर महाभारत चालत नाही!" वरून उत्तर आलं.

आता लोकांत दोन तट पडले. अर्धे म्हणाले, म्हाताऱ्याची तंद्री लागली आहे, एवढं तप कोणी पाहिलं नव्हतं, आपण धन्य झालो. उरलेल्या अर्ध्यांचा जेवणाचा मांडव वाट बघत होता, सांबार आटत चाललं होतं, आणि ते म्हणाले, हा उतरत का नाही? गौंडर सोटाकडे बघत होते आणि मग हळूच त्यांनी एळुमलैकडे बघितलं.

कन्नियम्माही एळुमलैकडेच बघत होती. तिने सगळं ओळखलं होतं. पसरलेला पाय दिसला तेव्हाच ओळखलं होतं. नुसतं उभं राहायचं, काही करायचं नाही, एवढं केलं की बारा वर्षांनी अर्जुन एळुमलैचा. तिने त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? लेकीचा नवरा, आणि हक्क त्याचा.

एळुमलैने शिकाऱ्याचं धनुष्य मुत्तुवेलच्या हातात दिलं, जटा घट्ट बांधल्या आणि सोटाला हात घातला.

"अरे, शिव वर जात नाही!" गौंडर म्हणाले. "पोथीत नाही तसं!"

एळुमलैने पहिल्या दांडक्यावरून आवाज लावला. शब्द त्याने तिथल्या तिथे जुळवले होते, चाल मामाचीच. भक्ताने देवाकडे यावं ही झाली रीत, असं तो गात होता, पण ज्याने इतका वेळ हाक मारली, त्याच्याकडे मीच निघालो, आता कैलासात मला बसवत नाही. बायकांच्या डोळ्यांना धार लागली. सांबारवाल्यांनीही हात जोडले. ढोलकीवाल्याला काय वाजवावं सुचेना, मग त्याने जोरात वाजवायला घेतलं.

त्या दणदणाटात फळीवर दोघांचं बोलणं कोणाला ऐकू जाणार?

"कशाला आलास?" पोन्नुरंगम पुटपुटला. "खाली थांबला असतास तर वेष तुझाच होता, गाढवा."

"आणि घरी काय तोंड दाखवलं असतं? तुमच्या लेकीने दारातून आत घेतलं असतं का मला?"

"शेवटच्या ओळीत श्वास चुकलास."

"चढत होतो मामा. द्या पाय इकडे."

एळुमलै दोन दांडके खाली उतरला, मामाचा अडकलेला पाय त्याने आपल्या खांद्यावर घेतला आणि दुसरा दांडक्यावर टेकवला. असे ते निघाले. खालून काय दिसत होतं? भक्ताचा पाय देवाने खांद्यावर घेतला होता. म्हातारेकोतारे जमिनीवर लोटांगण घालत होते. पोन्नुरंगम एका हाताने लिंबं उधळत होता, आणि त्याच्या वजनाने खालचा देव अर्धमेला होत होता. तरी दर दांडक्यावर पद ठरलेलं! एक भाच्याने म्हणायचं, एक मामाने.

नवव्या पदाला ते झालं. त्या पदाच्या शेवटी एक वळण आहे, आवाज वर नेऊन हळूच सोडून द्यायचा. पोन्नुरंगमच्या गुरूला ते यायचं. पोन्नुरंगम चौतीस वर्षं त्याच्या मागे होता, माळ्यावर, म्हशीपुढे, स्वप्नात. आलं नाही ते नाहीच. आणि आता नव्वद किलोंचा मामा खांद्यावर घेऊन, घामाने डोळे मिटलेले असताना, एळुमलैने ते सहज घेतलं. त्याला स्वतःलाही कळलं नाही.

पोन्नुरंगमचा हात लिंबांच्या झोळीतच राहिला. पुढचं पद त्याचं होतं, पण त्याला आवाज फुटेना. लोकांना वाटलं, भाव दाटून आला. खरंच दाटून आला होता.

जमिनीला पाय लागले तसे गौंडर पुढे आले आणि पोन्नुरंगमच्या पायांवर पडले. "वाद्यार, आपल्या पायांनी आलात! अर्जुन तुमचा. मरेपर्यंत तुमचा. आणि आता दर वर्षी शिवाने वर जायचं, हीच आपल्या गावची रीत!" एळुमलै मागे मांडवाच्या खांबाला टेकून खांदा चोळत होता. कन्नियम्माने त्याला आधी ताक दिलं, नवऱ्याला मागाहून.

पुढच्या वर्षी विडा आणि कंकण घेऊन गौंडर पोन्नुरंगमच्या घरी आले. त्याने विडा घेतला, एळुमलैला समोर बसवलं आणि कंकण त्याच्या मनगटाला बांधलं. गौंडर म्हणाले, "अहो, हे काय?" पोन्नुरंगम म्हणाला, "त्याला नववं पद येतं." गौंडरांना काही कळलं नाही. एळुमलैला कळलं, आणि तो ढसाढसा रडला. पोन्नुरंगमने त्याला झापलं, रडून आवाज बसेल म्हणून.

त्या वर्षी शिकारी पोन्नुरंगम होता. एवढ्या पोटाचा शिव गावाने पाहिला नव्हता, मुत्तुवेलला महिनाभर पुरतील एवढे विनोद मिळाले. शिवाने वर जायची नवी रीत पहिल्याच वर्षी मोडली, कारण शिवाला गुडघा होता. एळुमलै वर गेला, एकेक पद सोन्यासारखं म्हणत गेला, आणि फळीवर बसला. वारा सुटला होता. सोट जरासा डुलत होता. चौतीस वर्षं वर बसलेल्या माणसाला कधी जाणवलं नव्हतं, की खालून बघताना तो सोट इतका उंच आणि इतका बारीक दिसतो. लेक शेजारी उभी होती, पोटात सहावा महिना. पोन्नुरंगम धनुष्य बगलेत मारून आकाशात गरुड शोधायला लागला.

वर जाऊन पाच मिनिटं झाली असतील नसतील, देवळाच्या कळसावरून काहीतरी उडालं.

"गरुड!" पोन्नुरंगम गावभर ऐकू जाईल असा ओरडला. "आला गरुड! देवाने ऐकलं! उतर!"

मुत्तुवेल त्याच्या कानाशी आला. "वाद्यार, कावळा आहे तो."

"गप रे! चौतीस वर्षं मी त्याला जवळून बघितलाय की तू?" पोन्नुरंगमने डोळे पुसले आणि पुन्हा वर तोंड केलं. "उतर रे बाळा, सावकाश उतर. गरुड आला."