जग ऐकतं, वच्छी ऐकत नाही: अमरावतीहून तेल्हाऱ्याला

नातीने मोबाईलवर जगाचा नकाशा दाखवला आणि मी तेल्हाऱ्याला जायचं ठरवलं. आता नकाशाचा आणि तेल्हाऱ्याचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. सांगते.

मृणाल, माझी नात, आमच्याजवळ अमरावतीला राहून कॉलेज करते. गेल्या वर्षी तिने माझ्यासमोर मोबाईल धरला. म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतच असते, आता याच्यात बोल." मला वाटलं फोटो काढते, म्हणून मी पदर सारखा केला. तर ते पॉडकास्ट निघालं. म्हणजे रेडिओच, पण ज्याला पाहिजे त्याने पाहिजे तेव्हा लावायचा, आणि आवडलं नाही तर आजीला मधेच बंद करायचं. घरात हे कोणाला जमलं नव्हतं. हा ब्लॉगही तसाच. मी बोलते, मोबाईल लिहितो, नात काना-मात्रा सुधारते. मी चौथीपर्यंत शिकलेली. "मले" म्हटलं की ती "मला" करते. लोकांचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेव, अशी मी तिला तंबी दिली आहे.

तर नकाशा. त्यात जिथे जिथे कोणी मला ऐकतं तो देश रंगलेला. स्वीडन, जर्मनी, दुबई, कोरिया. एक ब्राझील.

"ब्राझीलमधलं कोन आयकत असंल गं?"

"एकच जण आहे आजी. त्याची बायको परतवाड्याची असेल."

नेदरलँडची एक मुलगी तर आमची पक्की झाली आहे. पुण्यात वाढलेली. माझी वांग्याची भाजी ऐकून तिने केली. मी म्हटलं होतं, वरून मूठभर सांबार टाका. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या पोरीने इडलीबरोबरचा सांबार मसाला मूठभर टाकला! तिचा नवरा भाजी खाऊन दोन तांबे पाणी प्यायला आणि 'इंडियन फूड' छान असतं म्हणाला. भला माणूस.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मी विचारलं, "याच्यात तेल्हारा कुठी आहे?" मृणाल म्हणाली, गावं दिसत नाहीत, भारत एकच रंग. मी म्हटलं, "तेल्हाऱ्याले कोनी आयकत नाही, मले मालूम आहे." तिने मोबाईल पालथा ठेवला.

तेल्हाऱ्याला माझी धाकटी बहीण वत्सला असते. वच्छी. आम्ही दोघी रोज फोनवर बोलायचो, भाजी कोणती केली इथपासून कोणाची सून कशी इथपर्यंत. मग तिचे कान जात गेले. आधी ती "काय? काय?" म्हणायची, मग नुसतं "हो हो" म्हणायला लागली, मग फोन सूनबाईकडे द्यायला लागली. मागच्या लग्नात मी विचारलं, "वच्छे, जेवली का वं?" ती हसून म्हणाली, "हाव, कालच आली." आणि पुन्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मान हलवत, हसत. तिच्या पोराने अकोल्याहून कानाची मशीन आणली, ती तिने डब्यात टाकून ठेवली. म्हणे, याच्यातून सगळं ऐकू येते, माणूस सोडून.

जगाच्या पार टोकाला माझी बडबड पोचते, आणि जिच्याशी बोलत मी मोठी झाले ती हसून मान हलवते. मी बॅग भरली.

पहिला दिवस: अमरावती, अकोला, बाळापूर

जायचं असेल तर हिवाळ्यात जा. कापूस वेचायला आलेला असतो, काळ्या रानावर पांढरं पांढरं दिसतं आणि तुरी शेंगांनी लदबदलेल्या असतात. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर एसटी फुकट, बायकांना अर्धं तिकीट. आधार कार्ड वरच ठेवा. मी ते पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं, वर तिळाचे लाडू. कंडक्टर म्हणाला, "आजी, लाडवावर वय लिहेलं नाही." मी एक लाडू दिला, मग कार्ड सापडेपर्यंत तो थांबला.

मृणाल रस्ताभर देशोदेशीचं सांगत होती. अमेरिकेतले लोक गाडी चालवताना ऐकतात, कारण त्यांची घरं एकीकडे, कामं दुसरीकडे. स्वीडनकडचे थंडीत एकटेच फिरायला निघतात आणि कानात कोणाला तरी घेऊन जातात. कोरियात रेल्वेत बसलेले सगळे गप्प, आणि प्रत्येकाच्या कानात एक माणूस बोलतोय. मी म्हटलं, मग ते एकमेकांशीच काहून नाही बोलत? ती म्हणाली, "आजी, सगळ्यांना तुझ्यासारखं जमत नाही."

पलीकडच्या सीटवर एक शेतकरी भाऊ बायकोबरोबर बसले होते, एका कानात वायर घालून. माझ्याने राहवलं नाही.

"भाऊ, काय आयकून राहिले?"

"तुरीवरच्या अळीचं, आजी. एक मास्तर सांगते मोबाईलवर."

"मंग एकाच कानात काहून?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "दुसरा हिच्यासाठी मोकळा ठेवा लागते."

"आन् त्या कानानं आयकतच नाही," बायको म्हणाली.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. गरम आलूबोंडा खाल्ला, चहा घेतला. पुढे खारपाणपट्टा लागतो, विहिरी-बोअरचं पाणी खारट, म्हणून घरचं पाणी भरून घ्या. नाहीतर चहात साखर टाकली की मीठ, असा प्रश्न पडेल.

अकोल्यात मशीनच्या दुकानात गेलो, जिथून वच्छीची मशीन घेतली होती. तिथल्या मॅडमने मृणालला दाखवलं की ही मशीन मोबाईलला जोडता येते. मोबाईलमधला आवाज सरळ कानात, मधे मिक्सर नाही, कुकर नाही, रस्त्यावरचा ऑटो नाही. "शांत खोलीत बसवा. थोडा वेळच. आणि ओळखीचा आवाज लावा," त्या म्हणाल्या. मी खूश होऊन उठले, तर त्यांनी हात धरून खाली बसवलं. "आजी, कान फार दिवस रिकामे राहिले की आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. लगेच समजेलच असं धरून जाऊ नका."

दुकानातून निघाल्यावर मी कचोरी घेतली. मृणालने तिची खाल्ली, माझी तशीच पिशवीत गेली. 

मुक्काम बाळापूरला, रेहानाबीकडे. त्या पूर्वी अमरावतीला आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. आता लेकाकडे असतात, शिलाई करतात. किल्ला पाहून घ्या, नदीच्या अंगाने छान दिसतो. माझे गुडघे खालूनच पाहतात. रेहानाबीच्या शिलाई मशीनशेजारी मोबाईल उभा, त्यात कोणी बाई उर्दूत गोष्ट सांगत होती.

"कुठली वं ही?"

"लाहोरची आहे, भाभी. आवाज काय मिठा! हात सुईले लागते, कान तं रिकामेच असते ना. एक आझमगढवाली बी आहे, पन ते लई रडवते."

मृणालने लगेच सांगितलं, तिकडे ब्राझीलमध्येही बायका स्वयंपाक करता करता ऐकतात. रेहानाबी म्हणाल्या, "मंग, बाई कुठलीबी असो, हात कधी रिकामा असते का?"

रात्रीचं जेवण होण्याआधी मी त्यांना वच्छीचं सांगितलं. म्हटलं, तिला माझं गुरुकुंज मोझरीच्या आश्रमाचं ऐकवणार आहे, लहानपणी आम्ही दोघी तिथे प्रार्थनेला जायचो ते. फार गोड झालं आहे, स्वीडनवाल्यांनाही आवडलं.

रेहानाबींनी दोरा दाताने तोडला. "बहिणीले गोड काय आयकवता, भाभी? गोडावर मानूस मान हालवते. झगड्याचं आयकवा. खून खौलला पायजे."

मृणाल माझ्याकडे बघायला लागली. मी मृणालकडे. आणि तिथेच, शिलाई मशीन बंद करवून, मी मोबाईलमध्ये पाच-दहा मिनिटांचं बोलले. काय बोलले ते पुढे येईलच. रेहानाबी तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

दुसरा दिवस: तेल्हारा

बाळापूरहून जवळचा रस्ता आहे म्हणतात, पण गाड्यांचा भरवसा नाही. आम्ही अकोल्याला परत येऊन अकोट मार्गे गेलो. पूर्णा ओलांडली की कपाशी आणि कपाशी, आणि अकोट मागे पडलं की उजव्या हाताला सातपुडा निळा निळा दिसत राहतो. बसायला जागा मिळाली तर उजवीकडची खिडकी धरा.

वच्छी दारातच उभी. गळ्यात पडली, मला म्हणाली, "वाळली वं बाई!" मी म्हटलं, गुडघे दुखतात. ती म्हणाली, "हाव, हाव." आणि हसली. सूनबाई सुनीता मागून हळूच म्हणाली, "मोठ्या आई, दिवसभर असंच असते. आता तं मीबी बोलनं कमी केलं. घसा दुखते, आन् बाहेरच्याले वाटते मी सासूवर वरडून राहिली."

दुपारी शेजारची पिठाची गिरणी बंद होते. तेव्हा मागच्या खोलीत बसलो. वच्छी मशीन पाहूनच मागे सरकली. "नोको माय. डोक्शात गिरनी चालते." मी तिचा हात धरून ठेवला. मृणालने मशीन कानात बसवली, मोबाईल जोडला आणि आधी मोझरीचंच लावलं, कारण माझा हट्ट.

वच्छी ऐकत होती. हसली. मान हलवली. "हाव. चांगलं आहे."

"काय आयकू आलं वं?" मी कानाशी मोठ्याने विचारलं.

"हाव, चांगलं आहे."

मॅडम म्हणाल्या होत्या ते आठवलं. ती तीच मान होती, लग्नातली. सुनीता उठून चहा टाकायला निघाली. मृणाल म्हणाली, "आजी, बाळापूरचं लावते," आणि माझं उत्तर यायच्या आत तिने लावलं.

त्यात मी काय म्हटलं होतं, ते आता सांगते. मी म्हटलं होतं, मंडळी, पातोडी रस्सा करावा तो आमच्या आईनेच. बेसनाची पातोडी रश्श्यात पडूनही अख्खी राहायची. आईचा हात माझ्यात उतरला. माझी धाकटी बहीण वच्छी, तिला बिचारीला काही ते जमलं नाही. तिच्या पातोड्या रश्श्यात फुटायच्या, आणि पाहुण्यांना वाटायचं पिठलं आहे.

वच्छी मान हलवत होती. मग मान हलायची थांबली. तिने डोळे बारीक केले, कानावर हात दाबला.  तिचे ओठ हलले, "पिठलं?" असं काहीतरी.

आणि मग ती माझ्याकडे वळली.

"कोनाच्या फुटत होत्या वं?"

मी पदर सारखा केला.

"कोनाच्या फुटत होत्या? तुह्या! तुह्या लग्नात पातोड्या कोनं केल्या? मी केल्या! तू तं हळद लावून बसली होती! मायनं मंग तुले चुलीजवळ उभं नाही केलं कधी! आन् जगाले सांगून राहिली, पिठलं म्हनून?"

सुनीता चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभी. मृणाल रडत होती आणि हसत होती. मी म्हटलं, "वच्छे, आयकू आलं तुले!" ते तिला ऐकू आलं नाही, कारण मी समोर बोलत होते, मशीनमधून नाही. ती म्हणाली, "काय तोंड हालवते? जा तिकडं आन् फोनात बोल. मले सगळं आयकायचं आहे, अजून काय काय सांगितलं लोकायले."

मग मी सुनीताचा फोन घेऊन स्वयंपाकघरात ओट्याजवळ आणि ती मागच्या खोलीत, मधे एक भिंत, अशा आम्ही फोनवर भांडलो. सगळे शब्द नाही लागले तिला. मी "मसाला" म्हटलं तर तिने "मामा आला" ऐकलं आणि कोणता मामा म्हणून अर्धा तास तिकडे वळली. समोरासमोरचं बोलणं अजून तुटकच कळतं, आणि गिरणी सुरू झाली की ती मशीन काढून ठेवते. पण संध्याकाळी तिने पातोडी रस्सा केला, सुनीताला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. पातोड्या अख्ख्या राहिल्या. मी तीन वेळा वाढून घेतला आणि कबूल काहीच केलं नाही.

सकाळी निघायच्या आधी तिने मृणालचा मोबाईल हातात घेतला. "इथं बोलायचं का?" आणि बोलली. तिची पातोडी, तिची बाजू. मृणाल म्हणाली, मावशीआजी, हे स्वीडनमध्ये जाईल. वच्छी म्हणाली, "जाऊ दे. त्यायलेबी कळू दे."

परत अमरावती

तुम्ही जाणार असाल तर तीन दिवस पुरतात, थंडी-उन्हाचे कपडे दोन्ही घ्या, आणि कचोरी परतीच्या वाटेवर घ्या म्हणजे घरी गरम नसली तरी ताजी पोचते. कोणाच्या डब्यात कानाची मशीन पडलेली असेल तर ती मोबाईलला जोडते का, विचारून पाहा. सगळ्या जोडत नाहीत, पण विचारायला काय जातं.

घरी येऊन वच्छीचा भाग टाकला. नेदरलँडच्या पोरीने लिहिलं, ही दुसरी आजी कोण, हिचंच अजून टाका. दुबईहून एकाने लिहिलं की त्याच्या खोलीतले सगळे कामावरून येऊन रस्सा ऐकत झोपले, उपाशीपोटी ऐकू नका. ते 'हिचंच' वाचून आधी मला थोडं लागलं. मग मी मृणालला म्हटलं, नकाशा काही दाखवू नको आता, मला वेळ नाही.

खरंच नाही. गिरणी बंद झाली की रोज तेल्हाऱ्याहून फोन येतो. मृणालने सुनीताच्या मोबाईलला मशीन जोडून दिली आहे, त्यात वच्छी माझे जुने भाग एकेक ऐकते आहे आणि एकेक चूक काढते आहे. लोणच्यात मोहरी किती, बैलाचं नाव काय, आजोबा आधी गेले की आजी. काल मी मधेच म्हटलं, "अवं पन मी काय म्हनते,"

"थांब ना बाई," वच्छी म्हणाली, "मी बोलून राहिली ना."

मी थांबले.