कंपनीचा हिरवा

नत्थूजी माणसाला आधी रंगावरून ओळखत आणि मग नावावरून. वीस वर्षांच्या शेजारणीचं नाव त्यांना सांगता यायचं नाही, पण तिच्या दाराचा पिवळा किती ऊन खाऊन उतरला आहे ते बिनचूक सांगत. नागपुरातल्या एका इंजिन शेडमध्ये ते चाळीस वर्षं रंगारी होते. लागले तेव्हा रेल्वे कंपनीची होती, गोरा साहेब होता आणि रंग जवसाच्या तेलात हातानं कालवावा लागे. आता त्र्याऐंशी साल उजाडलं होतं, रंग नंबर टाकलेल्या डब्यातून तयार येत होता आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. "आता रंगाऱ्याचं काम म्हणजे झाकण काढनं," असं ते येईल त्याला सांगत, आणि सांगताना त्यांना खरोखर वाईट वाटे.

अशात शेडला नवे साहेब आले. सोलापूरकडचे, तिशीतले, आणि नव्या साहेबाच्या अंगात असतो तेवढा उत्साह अंगात असलेले. शेडचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी एका डिझेल इंजिनाला जुन्या कंपनीच्या काळातला रंग चढवून बाहेर काढायचं, असं त्यांनी ठरवलं. कल्पना झकास होती. अडचण एवढीच की तो रंग कोणता होता ते कागदावर कुठेच नव्हतं. जुने फोटो सापडले, पण फोटोत इंजिनही काळं आणि त्याच्याशेजारी उभा असलेला गोरा साहेबही काळाच दिसत होता.

साहेबांनी जुन्या माणसांना बोलावलं. नत्थूजी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, हिरवा. आंबाडीची भाजी शिजल्यावर होते तसला हिरवा, वर पिवळा पट्टा. त्यावर स्टोअरचे बडे बाबू वामनराव शांतपणे म्हणाले, लाल. पिकल्या भिवापुरी मिरचीचा लाल. वामनरावांच्या हाताखालून गेल्याशिवाय छत्तीस वर्षांत एकही डबा शेडमध्ये आला नव्हता, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. लाल रंगाचे डबेही स्टोअरमध्ये तयार होते. साहेब म्हणाले, आठ दिवसांत पुरावा आणा. हिरवा ठरला तर तो कुठल्या डब्यात मिळणार नाही, नत्थूजींनीच हातानं कालवावा. नाहीतर लाल.

नत्थूजींच्या जिवाला तेवढंच लागलं. जाता जाता एकदा, शेवटचं, स्वतःच्या हातानं रंग कालवायचा. आणि खोटं ठरायचं नाही.

पुराव्याची त्यांना मुळीच काळजी नव्हती, आणि त्याला कारण होतं. शेडमधल्या डब्याच्या तळाला उरलेला रंग कधी स्टोअरला परत जात नसे. त्याला कोणी चोरी म्हणत नसे, त्याला 'तळाचं' म्हणत. तळाचं घरी जाई. रेल्वेच्या माणसाच्या घरातली खाट, संदूक, तुळशीचं वृंदावन, गावाकडच्या बैलाची शिंगं, सगळं तळाच्या रंगाचं. म्हणजे कंपनीचा हिरवा कुठल्याही जुन्या घरात सापडायलाच हवा.

फक्त नत्थूजींनी एक चूक केली. ते सरकारी खाकी कपड्यांत, बगलेत फाईल मारून, सायकलवर क्वार्टरोक्वार्टर फिरले आणि दारात उभं राहून विचारू लागले, कंपनीच्या रंगाचं काही घरी आहे का.

पुढचं सांगायला नको. चौकशी निघाली अशी हाकाटी झाली. 'कायचा रंग, कायची कंपनी' असं म्हणत लोकांनी दारं लावली आणि दारांमागे ब्रश काढले. तिसऱ्या दिवशी सगळ्या क्वार्टरांना टर्पेंटाईनचा वास सुटला. कोपऱ्यावरच्या दुकानातला चंदेरी रंग संपला. एका निवृत्त ड्रायव्हरनं तर तुळशीचं वृंदावन चुन्यानं इतकं पांढरं केलं, की तुळसही निम्मी पांढरी झाली. नत्थूजी जसजसे पुरावा शोधत गेले, तसतसा पुरावा त्यांच्या पुढे पुढे पुसला जात होता, आणि हे त्यांच्या लक्षात यायला चार दिवस लागले. रंगाची पारख होती, माणसांची नव्हती.

मग त्यांनी एसटी पकडली आणि नरखेड तालुक्यात कवडूकडे गेले. कवडू शेडमधला जुना फिटर, आता संत्र्याच्या बागेत रमलेला. त्याच्या विहिरीवरच्या खोलीचं दार नत्थूजींनी स्वतः कंपनीच्या हिरव्यानं रंगवलं होतं. आता ते निळं होतं.

"हे पहिल्यापासूनच निळं हाये गा," कवडू म्हणाला.

नत्थूजी दाराला टेकले होते. सरळ झाले तेव्हा कोपर निळं झालेलं होतं. दोघांनीही ते पाहिलं. निघताना कवडूनं पिशवीभर संत्री दिली आणि रिपोर्टात आपलं नाव येऊ नये अशी हात जोडून विनंती केली.

आता एकच वस्तू उरली होती, आणि ती नत्थूजींच्याच घरात होती. माळ्यावरचा पाळणा. लतिकाच्या, म्हणजे थोरल्या मुलीच्या जन्माच्या वेळी त्यांनी तो रंगवला होता. पहिल्या दिवसापासून तो त्यांना आठवत होता, पण पत्नीनं, जिजाबाईंनी, त्याच दिवशी त्याला वाकळ गुंडाळून वर अडगळीत सारला होता आणि त्यांनीही ते मुकाट्यानं पाहिलं होतं. आज त्यांनी पाळण्याचं नाव काढताच जिजाबाईंनी विळी बाजूला ठेवली.

"साहेब विचारन हा रंग कोठून आनला, तं काय सांगान तुमी? चार महिने राहिले. पेन्शन जाईन."

नत्थूजी खरंच घाबरले. दोन दिवस ते जेवले नाहीत नीट. लालच होता म्हणून टाकावं, असंही एकदा मनात आलं, आणि स्वतःचीच शरम वाटली. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी पाळणा रिक्षात घातला. जिजाबाई दारात उभ्या राहिल्या, पण त्यांनी अडवलं नाही.

पाळणा साहेबांच्या टेबलावर ठेवला गेला. वामनराव तिथेच होते. साहेबांनी ओल्या फडक्यानं एक दांडा पुसला आणि धुळीखालून शिजल्या आंबाडीचा हिरवा वर आला.

"हा कंपनीचाच रंग कशावरून? बाजारातला कशावरून नाही?"

बाजारातला म्हटलं तर पेन्शन वाचत होती आणि पुरावा जात होता. नत्थूजींनी टोपी काढली.

"कंपनीच्या डब्यातला हाये साहेब. डबा मीच घरी नेला होता. पोरगी झाली होती. तिले झोके देता देता चार वर्षं हा रंग पाह्यला, मंग तिच्या भावायले देता देता सात वर्षं. इंजिनाचा रंग एखांद वेळी विसरलो असतो. पाळन्याचा कसा विसरन?"

साहेबांनी पेन उचललं. नत्थूजींना वाटलं, संपलं. तेवढ्यात वामनराव खाकरले.

"साहेब, रंग हिरवाच होता."

"मग लाल का म्हणालात?"

"लाल कोणाच्याच घरी नोहता, साहेब," वामनराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "आमचं देवघर हिरवं हाये."

साहेब इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. मग फाईलमध्ये काय लिहायचं हा प्रश्न आला, आणि तो छत्तीस वर्षांच्या अनुभवानं वामनरावांनीच सोडवला. 'नमुना एका जुन्या कर्मचाऱ्याच्या खाजगी संग्रहातून प्राप्त.'

नत्थूजींनी चार दिवस रंग कालवला. जवसाचं तेल, पिवळी माती, काजळी आणि नखभर निळा. कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. वाढदिवसाला डिझेल इंजिन शेडबाहेर आलं तेव्हा सगळे क्वार्टरवाले फाटकाशी जमले होते, आणि हा रंग आपण जन्मात पाहिला नाही असा चेहरा करून उभे होते. नवाच रंग काढला म्हणायचा, असं दादाजी फिटर मोठ्यानं म्हणाले.

जिजाबाईंना ते सहन झालं नाही.

"नवा कायचा? याच रंगात आपल्या सगळ्यायची लेकरं मोठी झाली."

साहेब चार हातांवर उभे होते. दादाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाले, "आमची खाट बी, वहिनी."

मग कोणाची संदूक निघाली, कोणाचा पाट, कोणाच्या सासऱ्याची छत्री अडकवायची खुंटी. नत्थूजींना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. साहेब इंजिनाकडे तोंड करून उभे राहिले आणि सगळ्यांचं सांगून होईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.