काकांच्या नावाची मूठ

नवापूर मागं पडलं तशी डोंगरांची हिरवी रांग खिडकीला येऊन लागली. खांडबाऱ्याच्या फलाटावर बायका टोपल्यांत करटुली घेऊन बसल्या होत्या. घ्यावीशी वाटली, पण भाव कोणत्या भाषेत विचारावा हे ठरेपर्यंत गाडी सुटली. माझ्या बाबतीत हे नेहमीचंच.

मुंबईहून सुरतमार्गे मी रनाळ्याला निघाले होते. वडिलांचे थोरले भाऊ, शिवरामकाका, पोटातल्या गाठीनं आजारी होते. वडिलांना रजा मिळाली नाही. श्रावणातल्या कानबाईला (खानदेशातली देवी, नारळाच्या रूपात पुजतात) पोरीला पाठवा, असा निरोप होता. मीच का, ते कळलं नव्हतं.

नंदुरबारला काकांचा सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) सुकलाल दमणी (छपराची बैलगाडी) घेऊन आला होता. वाटेत काळ्या मातीत चाक रुतलं. मी उतरले, तो माझा एक बूट चिखलातच राहिला.

"जमीनले तुमना बूट आवडना, ताई," सुकलाल म्हणाला. मग बैलांकडे पाहत त्यानं सांगितलं, धुळ्याच्या डॉक्टरांनी आशा सोडली आहे. "दूधबी पचत नही, तरी मालक म्हनतस, रोट खासू." (कानबाईच्या प्रसादाची जाड पोळी म्हणजे रोट; तो खाईन म्हणतात.)

काका ओट्यावर बाजेवर होते. दाढी घोटलेली, अंगात धुतलेला सदरा. मला पाहून म्हणाले, "मेमसाहेब एकच बूट घालीसन उनी का?"

दुसऱ्या सकाळीही तसेच तयार होऊन बसले. कुणी येणार आहे का, म्हणून मी विचारलं.

"दिन उना ना, पोरी," ते म्हणाले. (दिवस आला ना.)

शनिवारी रोटासाठी गहू मोजायचे होते. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, त्याचे रोट करायचे. ज्याच्या नावाची मूठ पडते त्यानं रोट खायलाच हवा. ताटात टाकलेलं चालत नाही. काकूंची चुलतजाऊ हळूच म्हणाली, यंदा काकांची मूठ राहू द्या, डॉक्टरांनी नुसत्या दुधावर ठेवलंय.

काकूंनी मुलांची, नातवांची नावं घेतली. मग मूठ भरून सुपावर धरली आणि थांबल्या. मला वाटलं, त्यांचा धीर सुटला. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या.

"बोल ना, माय."

तेव्हा कुठं उमगलं. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. सुनाही घेणार नाहीत. दरवर्षी आत्या घ्यायची, ती गेली. त्या घरात लेक म्हणावी अशी मीच होते. चुलतजावेनं मान फिरवली. काकूंच्या मुठीतून एकेक दाणा निसटत होता.

"शिवराम," मी म्हटलं. मलाही ऐकू आलं नसेल.

ओट्यावरून आवाज आला, "जोरमा बोल. मी ऐकी ऱ्हायनू." (मी ऐकतोय.)

मी पुन्हा म्हटलं. या वेळी दाराबाहेरच्या बैलांनीही ऐकलं असावं. काकूंनी मूठ उघडली.

रविवारी काकांनी रोटाचा तुकडा खिरीत भिजवून खाल्ला. सोबत गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी होती. एकेक घास ते डोळे मिटून चावत होते. आम्ही उठलो, ताटं घासून झाली, तरी त्यांचं जेवण चालूच होतं. काकू समोर बसल्या होत्या, बघत मात्र नव्हत्या. संध्याकाळी काकांना फार त्रास झाला. काकू पाठ चोळत राहिल्या. जरा बरं वाटल्यावर काका म्हणाले, "भाजीमा मीठ जास्त व्हतं." मी आल्यापासून काकू पहिल्यांदा हसल्या.

परतताना खांडबाऱ्याला मी करटुली घेतली. खुणांनीच, पण घेतली. पुढं सुरतेपर्यंत काकांचं ते 'ऐकी ऱ्हायनू' मनात घोळत राहिलं. शाळेत आम्ही इंग्रजीचा चालू वर्तमानकाळ घोकला. अहिराणीत तो बोलायचा तर प्रत्येक कामाला 'राहणं' जोडावं लागतं. खाई ऱ्हायना, हसी ऱ्हायना; म्हणजे खातोय, हसतोय.

मुंबईला वडील फलाटावर उभे होते. "दादा कसा आहे?"

"खाई ऱ्हायना," मी म्हटलं.

वडिलांनी माझी ट्रंक हातात घेतली होती, ती खाली ठेवली. त्यांच्या तोंडून ती भाषा मी कधी ऐकली नव्हती. "काय खाई ऱ्हायना?"

"रोट."

काका दिवाळीआधी गेले. त्या शनिवारी मुठी मोजल्या तेव्हा ते घरात होते, आणि तसं मी त्यांचं नाव घेऊन मोठ्यानं सांगितलं होतं.