खाली जाणारा हात

सॅलीमावशींच्या घरात शिरताना हात आधी वर जायचा. दाराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, बोटाएवढी पितळी डबी तिरकी बसवलेली होती. तिला मेझुझा म्हणतात. आत त्यांच्या धर्मवचनांची छोटी गुंडाळी असते. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना टेकवायची. मावशी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या, तरी एक खाली ठेवून हे करायच्याच. त्यांचा कुत्रा चिकू रोज ते बघायचा. ज्याचा हात वर गेला तो घरचा, एवढं त्याने डोक्यात पक्कं केलं होतं. ज्याचा हात खाली गेला तो कोण, हे मात्र त्याला मी शिकवलं.

वडाळे तळ्यामागच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. सॅली रोहेकर म्हणजे पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या ऑपरेटर. बेने इस्राएल, म्हणजे कित्येक पिढ्यांपासून कोकणातले मराठी ज्यू. नवरा मोझेस लवकर गेला, मुलगा डॅनी इस्राएलला गेला, बाकीचे नातेवाईकही एकेक करून तिकडेच गेले. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमवायचे तर घरोघर फोन करावे लागायचे आणि ते मावशीच करायच्या. ऑपरेटरचाच आवाज, स्वच्छ आणि घाई नसलेला.

तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. गावातली लग्नं, भांडणं, मयतीचे निरोप सगळं त्यांच्या कानांवरून गेलं असणार. मी कधी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "अरे शैलेश, मी लाइन जोडून द्यायचे. ऐकणं माझं काम नव्हतं." ऐकलेलं असायचं, हे चेहऱ्यावरून कळायचं. पण एक शब्द बाहेर यायचा नाही. मला त्यांचा याबद्दल कधी कधी रागही यायचा. माणसाने थोडं तरी सांगावं.

आता माझ्याबद्दल. मी कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिलं बघतो, आणि मला कुत्र्यांची भीती वाटते. ही भीती माझी नाही, आईची आहे. तिलाही ती तिच्या आईकडून मिळाली. आमच्या घरी कुत्रं ओट्यावर चढलं तर ओटा धुवायचा, अंगाला लागलं तर आंघोळ करायची. आणि कुत्रं अंगावर आलं की खाली वाकायचं. दगड असो वा नसो, वाकायचं. ते पळतं. मला अक्षरओळख व्हायच्या आधी हे वाकणं येत होतं.

सगळ्यांच्याच घरची काही ना काही रीत असते. खालचे अंडीवाले इद्रिसभाई चिकू जवळ आला की पायजमा सावरून बाजूला व्हायचे, कारण लाळ लागली तर नमाजाआधी कपडे धुवावे लागतात. "जाओ बेटा, उधर बैठो," एवढंच म्हणायचे, आणि चिकू बरोबर चार हात लांब बसायचा. करंजाची कोळीण पाटी उतरवल्या उतरवल्या त्याला कोलंबी टाकायची. मावशींकडे खवल्यांचाच मासा चालतो, कोलंबी वर्ज्य. "तुज्या घरान चालत नाय, कुत्र्याला चालतंय ना!" असं म्हणून ती हसायची. कुत्रं माणसाचं घर त्याच्या हातापायांवरून ओळखतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं, पण फार उशिरा.

चिकू आला तेव्हा अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू होता, नावासारखाच भुरा. पार्किंगमध्ये कुणीतरी सोडून गेलं होतं. मावशींनी उचलून वर आणला. एका सकाळी मी ऑफिसला निघालो होतो, कडक इस्त्रीची पँट, आणि हा शेपूट हलवत पायाशी आला. मी वाकलो. पिल्लूच ते, त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्याला वाटलं, हा माणूस खेळायला खाली आला. ते आणखी जवळ आलं, पुढचे पाय पसरून बसलं, बारीकसं भुंकलं. त्याला माझी भीती वाटली नाही, म्हणून मलाच जास्त भीती वाटली. हाताला फरशीचा तुकडा लागला. मी तो मारला.

त्या पिल्लाचा आवाज मला आजही ऐकू येतो. कुकर शिट्टी सोडायच्या आधी सुस्कारतो, त्यातही येतो. डाव्या डोळ्याच्या वर लागलं होतं आणि ते स्कूटरखाली जाऊन लपलं. मी गेटपर्यंत गेलो, परत आलो. तोवर मावशी खाली आल्या होत्या. गाऊनला रक्त लागलेलं, पिल्लू छातीशी.

"कुणी मारलं रे?" त्यांनी विचारलं.

"रस्त्यावरची पोरं असतील," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असतील," म्हणाल्या.

मीच रिक्षा आणली, मीच डॉक्टरांकडे सोबत गेलो. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. केवढा चांगला शेजारी! डोळा वाचला, पापणी मात्र कायमची लोंबली. आणि तेव्हापासून चिकूसमोर कुणी वाकलं की तो थरथरायला लागायचा, दात दाखवायचा. इद्रिसभाईंनी पडलेलं नाणं उचललं तरी. मावशी येणाऱ्याला दारातच सांगायच्या, "हात वर करून ये, आणि वाकू नकोस." लोक हसायचे. मी हसायचो नाही.

डॅनी दर महिन्याला आईला तिकडे बोलवायचा. मावशींचं उत्तर ठरलेलं, "चिकूचं कोण करील?" पाच वर्षं त्या कुत्र्याच्या आधारावर त्यांनी पनवेल धरून ठेवलं. खरं म्हणजे त्यांना जायचंच नव्हतं. मोझेसकाका इथल्या मातीत होते, त्यांच्या पवित्र शनिवारसाठी शुक्रवारी सांजेला लावायचा दिवा इथल्या खिडकीत होता, फोन करून दहा माणसं जमवायची होती.

मग नोगा आली. डॅनीची मुलगी, वीस-एकवीस वर्षांची, तिकडची लष्करातली सक्तीची नोकरी संपवून भारत बघायला निघालेली. पहिला मुक्काम आजीकडे. मी स्टेशनवरून तिला घेऊन आलो, तिची सॅक माझ्या खांद्यावर होती. तिने सवयीने मेझुझाला बोटं लावली, ओठांना टेकवली. चिकू उठला, शेपूट हलवायला लागला. ही घरची. नोगाचा चेहरा फुलला. तिच्याकडे कुत्री सोफ्यावर झोपतात. कुत्र्याला भेटायचं तर आपण त्याच्या उंचीवर यावं, हात खालून पुढे न्यावा, ही तिकडची सभ्य रीत. ती खाली बसायला लागली.

मावशी स्वयंपाकघरात होत्या. दारात मी होतो. मला माहीत होतं. "वाकू नकोस," हे दोनच शब्द होते आणि ते म्हणायला वेळही होता. पण ते म्हटले असते तर "का?" असं तिने विचारलं असतं. मी गप्प राहिलो. चिकूने तिच्या गालाला चावा घेतला.

सरकारी दवाखाना, टाके, इंजेक्शनांचा कोर्स. नोगा रडली नाही, उलट "माझी चूक, मी घाई केली," असं आजीला समजावत राहिली. सोसायटीची मीटिंग झाली, कुत्रं हलवा म्हणून ठराव झाला. डॅनीने फोनवर आवाज चढवला. चिकूचं कोण करील, हे कारण आता उरलं नव्हतं. ज्याच्या जोरावर मावशी इथे राहिल्या होत्या, त्याच्यामुळेच त्यांना जावं लागलं. आणि त्याच्यामुळे म्हणजे माझ्यामुळे. हे मी तेव्हाही जाणून होतो.

सामान बांधताना त्यांनी मला हाक मारली. "शैलेश, चिकूला तू ठेव."

"मी? मावशी, मला कुत्र्यांची भीती वाटते. तुम्हाला माहितीये."

"माहितीये," त्या म्हणाल्या आणि साडीची घडी घालत राहिल्या.

मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी तरी कुत्र्यासाठी भांडलो. चिकू आमच्याकडे आला. निघायच्या सकाळी मावशींनी स्वतः स्क्रू ड्रायव्हरने मेझुझा काढला. आपलं माणूस राहणार नाही त्या घराला तो ठेवायचा नसतो. चौकटीवर दोन भोकं राहिली आणि रंग न लागलेली एक तिरकी पट्टी. चिकू एकदाही भुंकला नाही. टॅक्सी वळेपर्यंत तो त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होता.

याला तीन वर्षं होतील. त्यांचा फ्लॅट अजून बंदच आहे, किल्ली माझ्याकडे. दर रविवारी मी खिडक्या उघडायला जातो. चिकू आधी जाऊन उंबऱ्यावर बसतो आणि माझा हात वर गेल्याशिवाय मला आत सोडत नाही. म्हणून मी त्या रिकाम्या पट्टीला बोटं लावतो, ओठांना टेकवतो. आत कुणी नसतं. तरी आत गेलं की मला वाटतं, कुणीतरी लाइनवर आहे आणि ऐकतंय. परवा आमच्याच दारात माझा हात आपोआप वर गेला. चारुता, माझी बायको, म्हणाली, "हे काय नवीन?"

तो माझ्या हातून खातो. माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपतो. पण मी अजून त्याच्यासमोर वाकू शकत नाही. बुटाची नाडी बाहेर जिन्यात बांधतो. त्याचं ताट ठेवायचं तर आधी स्टुलावर बसतो आणि हात सरळ त्याच्यासमोर धरून हळूहळू खाली नेतो. आईने हे पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

गेल्या रविवारी दुपारी नोगाचा व्हिडिओ कॉल आला. मी मावशींच्याच घरात खिडकीशी होतो. चिकू शेजारी. तिचं मराठी आता बरंच सुधारलंय, आजीशी बोलून बोलून. गालावरची रेघ उजेडात पांढरी दिसत होती.

"आजी आता सगळं विसरते," ती म्हणाली. "मला अयाला म्हणते." अयाला म्हणजे मावशींची कधीचीच वारलेली बहीण. "पनवेल सोडलं, हे पण तिला माहीत नाही. पण शुक्रवारी दिवा लावला की एकच विचारते. प्रत्येक शुक्रवारी. मी पप्पांना विचारलं, त्यांना पण माहीत नाही. म्हणून तुम्हाला फोन केला."

"काय विचारतात?"

"'शैलेशला आता वाकू देतो का तो?' असं."

मी खिडकीकडे वळलो. ती म्हणाली, "तुम्ही दिसत नाही."

खिडकीतून खालचं पार्किंग दिसतं. स्कूटर उभ्या असतात तो कोपरा या एकाच खिडकीतून दिसतो, आमच्या नाही. इतकी वर्षं मी ही खिडकी उघडत होतो आणि एकदाही खाली बघितलं नव्हतं. त्या सकाळी त्या इथेच उभ्या असणार, चहाचा कप घेऊन. म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं. पाहून खाली आल्या, मला विचारलं, माझं खोटं ऐकून घेतलं. सोसायटीसमोर, डॅनीसमोर, टाके घातलेल्या नातीसमोरही माझं नाव घेतलं नाही. आणि जाताना तो कुत्रा माझ्या हवाली केला.

मी नोगाला सांगितलं. फरशीच्या तुकड्यापासून दारात गप्प राहिलो तिथपर्यंत, सगळं. सांगताना मला लाज वाटत होती. तिचा हात गालाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग तिने बराच वेळ चिकूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी म्हणाली, "येत्या शुक्रवारी आजी विचारेल. काय सांगू?"

मी फोन खिडकीत टेकवला. चिकू माझ्याकडे बघत होता, लोंबलेल्या पापणीखालून. मी रिकामे तळवे त्याला दाखवले आणि हळूच वाकलो. थोडासाच. तो उठला, शेपूट पोटाखाली घेतली आणि मागे सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत गेला.

"सांग," मी म्हणालो, "अजून नाही देत."